दारी आलेला माणूस आणि त्याच्या वर्तणुकीचा दाखला

केलगेरीचा तलाव ज्यांनी लहानपणापासून पाहिला आहे, त्यांना गेल्या दोन-तीन पिढ्यांत घरसंसार किती पालटला हे सांगावयास नको. एके काळी याच तलावाचे पाणी धारवाड शहराला पिण्यासाठी जात असे. घरात पाणी घागरीने येई, उजेड कंदिलाचा असे आणि चूल लाकडावर पेटे. या तीन गोष्टींसाठी परका माणूस उंबरठ्याच्या आत येण्याचे कारण पडत नसे. आज मलप्रभेचे पाणी नळाने येते, वीज तारेने येते, गॅस सिलिंडरमधून आणि कोठे कोठे नळानेही येतो. आणि या प्रत्येक सोयीच्या मागोमाग एक माणूस येतो. मीटर पाहणारा येतो, तार जोडणारा येतो, नळाचे माणूस येते, शेगडी तपासणारा येतो, अलीकडे इंटरनेटची तार ओढणाराही येतो.

पूर्वी सुतार, गवंडी, न्हावी घरी येतच असत. पण ते गावचे असत. त्याचा बाप कोण, घर कोठे, उसने घेतलेले परत देतो की नाही, हे आजीला तोंडपाठ असे. ती गावाची पडताळणी होती, आणि तिला कागद लागत नसे. आज येणारा माणूस आपल्या गावचा नसतो. पुष्कळदा तो ज्या कंपनीचे नाव सांगतो तिचाही नसतो, तिच्या कंत्राटदाराचा असतो. दुपारच्या वेळी घरात एकटी सून किंवा एकटे आजोबा असतात, दारावर थाप पडते, कानडीत ‘यार्री?’ आणि मराठीत ‘कोण आहे?’ असा प्रश्न होतो, आणि आतून कडी निघते. त्या प्रश्नाला खरे उत्तर कोणी द्यावयाचे? आपल्या ट्रस्टच्या कुटुंबांत वृद्ध माणसे व दिवसा एकट्या राहणाऱ्या गृहिणी पुष्कळ आहेत. तसेच अशा कामांवर जाणारी तरुण मुलेही आहेत. म्हणून हा विषय दोन्ही बाजूंनी, शांतपणे समजून घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१. आत येण्याचा अधिकार

पहिली गोष्ट ही की, वीज कंपनीच्या माणसाला घरात येण्याचा अधिकार कायद्यानेच दिलेला आहे. २००३ सालच्या वीज कायद्यातील १६३ व्या कलमाप्रमाणे परवानाधारक कंपनी, किंवा तिने रीतसर अधिकार दिलेली व्यक्ती, तार, मीटर व इतर साहित्य तपासण्यासाठी, दुरुस्त करण्यासाठी अथवा विजेचा वापर मोजण्यासाठी ग्राहकाच्या जागेत प्रवेश करू शकते. ग्राहकाने प्रवेश नाकारलाच, तर लेखी नोटीस देऊन चोवीस तास उलटल्यावर कंपनीस त्याची वीज तोडता येते. म्हणजे दार कायमचे बंद ठेवण्याची मुभा आपणांस नाही.

परंतु त्याच कलमात ग्राहकाच्या बाजूचे तीन शब्दप्रयोग आहेत आणि ते प्रत्येक घराने पाठ करून ठेवावेत असे आहेत. प्रवेश ‘वाजवी वेळी’ झाला पाहिजे, येण्याचा हेतू घरातील माणसास आधी सांगितला पाहिजे, आणि येणारी व्यक्ती ‘रीतसर अधिकार दिलेली’ असली पाहिजे. रात्री नऊ वाजता, काही न सांगता, ओळखपत्रावाचून येणाऱ्या माणसाला हे कलम आधार देत नाही. वीजचोरीच्या संशयावरून घ्यावयाच्या झडतीलाही कायद्याने मर्यादा घातली आहे. कलम १३५ प्रमाणे राहत्या घराची अशी झडती सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, घरातील प्रौढ पुरुष हजर असल्याखेरीज घेता येत नाही. आणि जे काही जप्त होईल त्याची यादी करून द्यावी लागते.

आपल्याकडे वीज पुरविणारी हेस्कॉम ही कंपनी २००२ साली स्थापन झाली. धारवाडसह बेळगाव, गदग, हावेरी, बागलकोट, विजापूर व उत्तर कन्नड हे जिल्हे तिच्याकडे आहेत. इतक्या मोठ्या मुलुखात प्रत्येक मीटर पाहणारा कायम नोकर असणे कठीण. कर्नाटकातील खेड्यांत ‘ग्राम विद्युत प्रतिनिधी’ नेमून त्यांच्याकडून मीटर पाहणे, बिल देणे व वसुली करणे ही कामे करून घेण्याची पद्धत आली, ती याच कारणाने. पाण्याचेही तसेच. हुबळी-धारवाडच्या काही भागांत २००८ साली चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, तेव्हा घरोघर मीटर बसले आणि मीटरबरोबर मीटर पाहणारे आले. सोय वाढते तसे दारी येणारे हात वाढतात. हे हात कोणाचे, हे पाहण्याची जबाबदारी पहिल्याने त्यांना पाठविणाऱ्याची आहे.

२. पडताळणी म्हणजे काय?

चारित्र्य-पडताळणी या शब्दाने पुष्कळांचा असा समज होतो की, पोलीस एखाद्याच्या स्वभावाची परीक्षा घेऊन तो सज्जन असल्याचे सांगतात. तसे काही नसते. अर्जदाराचे नाव, पत्ता व जन्मतारीख घेऊन, त्याच्यावर कोठे गुन्हा नोंदला आहे काय, खटला चालू आहे काय, शिक्षा झाली आहे काय, हे दप्तरात पाहिले जाते. पत्ता खरा आहे की नाही याची चौकशी होते. आणि जे आढळले ते लिहून दिले जाते. दाखला म्हणजे त्या दिवशी त्या दप्तरात काय होते याचे उत्तर. त्यापलीकडे दाखल्याला वाचा नाही.

माणसाची ओळख सरकारी दप्तरात टिकवावी कशी, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर आपल्याच देशात सापडले. १८९७ साली कलकत्ता येथे बोटांच्या ठशांचे दप्तर सुरू झाले. त्या प्रकारचे जगातील ते पहिलेच मानले जाते. एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याच्या नावाने ठशांची वर्गवारी प्रसिद्ध झाली, परंतु तिची बांधणी करण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा वाटा फार मोठा होता. माणूस नाव बदलील, गाव बदलील, दाढी राखील. बोटाची रेघ मात्र त्याला बदलता येत नाही. तरी कित्येक वर्षे एका ठाण्याचे दप्तर दुसऱ्या ठाण्याला दिसत नव्हते. २००८ सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, २००९ साली, देशातील पोलीस ठाणी संगणकाने एकमेकांस जोडण्याची योजना मंजूर झाली. २०२२ साली ठशांची राष्ट्रीय यंत्रणाही सुरू झाली. धारवाडात पाहिलेल्या नोंदीत परमुलुखातील गुन्हा दिसण्याची शक्यता त्यामुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे.

सरकारी नोकरीत शिरणाऱ्याची पडताळणी जुन्या काळापासून होते. खाजगी क्षेत्रात मात्र कायद्याने सर्वात स्पष्ट बोट ठेवले आहे ते रखवालदारांवर. २००५ सालच्या खाजगी सुरक्षा संस्थांच्या कायद्यात असे सांगितले आहे की, ज्याच्या चारित्र्याविषयी व पूर्ववृत्ताविषयी संस्थेची खात्री पटलेली नाही, त्यास रखवालदार नेमू नये. न्यायालयात दोषी ठरलेल्यास तर नेमूच नये. येथे विचार करण्यासारखे आहे. रखवालदार दाराबाहेर उभा असतो. मीटरवाला, गॅसवाला, नळवाला दाराच्या आत येतो. बाहेरच्याला जी चाळणी लावावयाची, ती आत येणाऱ्याला लावू नये हे तर्काला धरून नाही. ज्या कंपन्या कंत्राट देतात त्यांनी कंत्राटाच्या अटींतच ही चाळणी लिहून ठेवावी, आणि ग्राहकांनी ती मागावी, हे म्हणूनच न्याय्य आहे.

३. कागद कोठे अपुरा पडतो?

दाखला मागितला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्यांनी पुढील चार घटना ध्यानात घ्याव्यात. त्यांचा उल्लेख भीती घालण्यासाठी नाही. साखळीची कोणती कडी कोठे तुटते ते कळावे म्हणून आहे.

पहिली घटना दिल्लीची, डिसेंबर २०१४ मधील. मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीच्या चालकाने एकट्या स्त्री प्रवाशावर अत्याचार केला. त्याच्यावर पूर्वीही गंभीर आरोप आलेले होते. तरीही त्याच्यापाशी चांगल्या वर्तणुकीचा दाखला होता, आणि तपासात तो बनावट निघाला. २०१५ साली त्यास जन्मठेप झाली. यातील धडा असा की, उमेदवाराच्या हातून आलेला दाखला हा दाखला नव्हे. तो देणाऱ्या कचेरीकडून पडताळून घ्यावा लागतो.

दुसरी इंग्लंडातील. २००२ च्या ऑगस्टात सोहॅम या गावी शाळेतील रखवालदाराने दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या परगण्यातील पोलिसांकडे अनेक तक्रारी आलेल्या होत्या. पण त्या नव्या परगण्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. शिवाय तो दोन आडनावे वापरीत असे. सरकारने नेमलेल्या बिचर्ड चौकशीचा अहवाल २००४ साली बाहेर आला, आणि त्यातून २००६ साली नवा कायदा झाला. धडा हा की, पडताळणी सर्व नावांनी आणि सर्व राहिलेल्या ठिकाणी झाली पाहिजे.

तिसरी अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातील, २००१ सालची. एका मोठ्या दुकानामार्फत घरातील वातनलिका साफ करून घेतल्या गेल्या. दुकानाचे नाव मोठे. परंतु आलेली माणसे कंत्राटदाराची, आणि पूर्वी शिक्षा झालेली. सहा महिन्यांनी त्यांतील एक जण परत आला आणि त्याने त्या घरातील स्त्रीचा खून केला. विश्वास दुकानावर होता, माणूस दुसऱ्याचा होता. नाव ज्याचे, जबाबदारीही त्याचीच असली पाहिजे. काम खाली कंत्राटदाराकडे उतरले म्हणून पडताळणी खाली उतरून नाहीशी होता कामा नये.

चौथी आपल्या ओळखीच्या मुंबईची. २०१२ च्या ऑगस्टात वडाळा येथील एका इमारतीच्या रखवालदाराने एका तरुण वकील स्त्रीच्या घराची वीज मुद्दाम तोडली. वीज का गेली ते पाहावयास तो वायरमनसह वर आला, त्या धांदलीत त्याने घराची किल्ली उचलली, आणि रात्री त्याच किल्लीने दार उघडून तिचा खून केला. २०१४ साली त्यास जन्मठेपेची शिक्षा झाली. रोज दिसणारा, ओळखीचा, इमारतीचाच माणूस होता तो. अशा प्रसंगी दप्तरापेक्षा घरातील सावधपणाच उपयोगी पडता. किल्ली कोठे ठेवावी हे कोणताही दाखला सांगत नाही.

४. आपल्याच जिल्ह्यातील एक जुना धडा

येथवर वाचून कोणाच्या मनात असे येईल की, मग चाळणी शक्य तितकी बारीक करावी. ज्याच्याविषयी किंचितही शंका त्याला कामच देऊ नये. येथे आपल्याच भागाचा इतिहास आपणांस थांबवितो.

१८७१ साली इंग्रज सरकारने ‘गुन्हेगार जमाती’ नावाचा कायदा केला. १९११ साली तो नव्याने होऊन देशभर लागू करता येईल असा झाला. त्याचे तत्त्व असे होते की, काही जमातींत जन्मलेला मनुष्य जन्मतःच गुन्हेगार समजावा. त्याने हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, ठरवून दिलेल्या वसाहतीत राहावे. मुंबई इलाख्यात अशा वसाहती सोलापूर, विजापूर, गदग आणि आपल्या हुबळी येथे होत्या. हुबळीच्या एका भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव चिकटले आहे ते त्यावरूनच. कोरवा, हरणशिकारी, कंजारभाट, छप्परबंद अशा कित्येक जमातींवर हा शिक्का बसला. त्यांतील बहुसंख्य माणसांनी काहीही केलेले नव्हते. त्यांच्या नावापुढे जी नोंद होती ती त्यांच्या कृत्याची नव्हती, त्यांच्या जन्माची होती.

धारवाड तेव्हा मुंबई प्रांतात होते. या प्रांताने तो कायदा १९४९ साली रद्द केला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो सबंध देशातून गेला. म्हणूनच या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला तरी संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली प्रसिद्ध झाले व १९८८ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे शिक्का बसलेल्या समाजाचे जिणे मराठी वाचकांच्या घरात पोहोचले. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नियमांतील जातिभेदाचे कलम रद्द करताना, विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने पकडले जाऊ नये अशीही सक्त ताकीद दिली. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी अशी ताकीद द्यावी लागली, यावरून रोग किती खोल आहे ते समजावे.

म्हणून पडताळणीचा पहिला नियम असा असला पाहिजे: ती कृत्याची असावी, कुळाची नसावी. मीटर पाहावयास आलेल्या मुलाचे आडनाव ऐकून, किंवा तो हुबळीच्या कोणत्या भागातून आला ते ऐकून ज्या घराचे दार अधिक घट्ट बंद होते, त्या घराने पडताळणी केलेली नाही. १८७१ चा कायदा पुन्हा चालू केला आहे.

५. न्यायाचे माप

मग ज्याच्या नावे खरोखरच नोंद आहे त्याचे काय? येथेही सर्व नोंदी एका मापाने मोजता येत नाहीत. तक्रार आली, आरोपपत्र दाखल झाले, शिक्षा झाली आणि निर्दोष सुटका झाली, या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. भाऊबंदकीच्या भांडणात नाव गोवले गेलेल्या माणसाचे व घरफोडीत शिक्षा भोगून आलेल्या माणसाचे दप्तर सारखे नव्हे.

आपल्या न्यायालयांनी यात बराच विचार केला आहे. दिल्ली पोलिसांतील भरतीच्या एका प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने असा दृष्टिकोन घेतला की, तरुण वयात हातून घडलेल्या किरकोळ आगळिकीमुळे माणसाला जन्मभर दूर ठेवू नये. पुढे २०१६ साली अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली. उमेदवाराने विचारलेली माहिती खरी द्यावी. ती दडविल्यास नोकरी जाऊ शकते. परंतु गुन्हा क्षुल्लक असेल, तर मालकाने तारतम्याने दोष माफ करावा. १९५८ सालच्या परिवीक्षा कायद्याने, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्यास त्या दोषापायी अपात्र ठरविता येत नाही. २०१५ सालच्या बालन्याय कायद्यानेही, काही अतिगंभीर प्रकरणे वगळता, अल्पवयात घडलेल्या चुकीचा डाग पुढील आयुष्यात अपात्रता म्हणून लावण्यास मनाई केली आहे.

या सर्वांचा मथितार्थ मालकाने व कंत्राटदाराने तीन प्रश्नांत आणावा. गुन्हा कोणता? किती वर्षांपूर्वीचा? आणि द्यावयाच्या कामाशी त्याचा संबंध काय? वीस वर्षांपूर्वी मिरवणुकीतील मारामारीत दंड भरलेल्या लाइनमनला घरात पाठविण्यास हरकत असण्याचे कारण दिसत नाही. ज्यास दोन वर्षांपूर्वी घरफोडीची शिक्षा झाली, त्यास दुपारी एकट्या घरांत पाठवू नये. पण खांबावरचे काम, तार ओढण्याचे काम, गोदामातील काम त्यास द्यावे. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला कोणतेच काम मिळाले नाही, तर त्याला जुन्या वाटेवर ढकलणारे आपणच ठरतो. आणि जो निर्णय होईल तो त्यास सांगावा. नोंद चुकीची असल्यास ती दुरुस्त करून घेण्यास वेळ द्यावा. नावसारखेपणाने दुसऱ्याचा गुन्हा अंगावर येण्याचा धोका आपल्या देशात लहान नाही.

पडताळणीचा फायदा कामगारालाही आहे. घरातील दागिना हरवला की पहिला संशय त्या दिवशी आलेल्या परक्यावर जातो. ज्याचे ओळखपत्र पाहिले आहे, येण्याजाण्याची वेळ लिहिली आहे आणि ज्याच्याबरोबर घरातील माणूस उभे होते, त्याच्यावर खोटा आळ सहसा येत नाही. नोंद ही दोघांचीही ढाल आहे.

६. घरातील माणसांनी काय करावे?

कंपनीचे काम कंपनीने करावे, घराचे घराने. पुढील गोष्टी घरातील मुलांपासून आजीपर्यंत सर्वांना सांगून ठेवाव्यात.

(१) दाराला साखळी किंवा जाळीचे दुसरे दार असावे. साखळी न काढता आधी नाव, कचेरी व काम विचारावे. खरा कामगार याने रागावत नाही.

(२) ओळखपत्र हाती घेऊन पाहावे. छायाचित्र, नाव व मुदत पाहावी. केवळ गणवेश पाहून खात्री मानू नये. गणवेश शिंप्याकडे मिळतो.

(३) शंका आल्यास आलेल्या माणसाने दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्या बिलावर छापलेल्या क्रमांकावर, किंवा विजेसाठी १९१२ वर विचारावे. गॅस गळतीचे संकट असेल तर १९०६, पोलिसांसाठी ११२.

(४) आपण तक्रार केलेली नसताना कोणी दुरुस्तीस आला, तर त्यास बाहेर थांबवून चौकशी करावी. शेजारची वीज चालू असून आपलीच गेली असेल, तर दार उघडण्यापूर्वी शेजाऱ्यास हाक मारावी.

(५) काम चालू असताना घरातील एकाने बरोबर राहावे. दोघे आले असतील तर एकाने बोलण्यात गुंतवावे व दुसऱ्याने आतल्या खोलीत जावे, ही जुनी युक्ती आहे. दोघांना एकाच खोलीत ठेवावे.

(६) किल्ल्या, पैसे व दागिने दाराजवळच्या खुंटीवर वा टेबलावर ठेवू नयेत. किल्ली हरवल्यास त्याच दिवशी कुलूप बदलावे.

(७) घरात कोण एकटे असते, मालक कधी परततात, गावाला केव्हा जाणार, या गप्पा पाहुण्याशी कराव्यात, कामगाराशी नव्हे.

(८) रोख पैसे पावतीखेरीज देऊ नयेत.

(९) दाराजवळ एक वही ठेवावी. तारीख, वेळ, नाव, कचेरी, काम. पाच रकाने पुरेत.

(१०) नवे घर बांधताना वा जुने दुरुस्त करताना मीटर बाहेरच्या पडवीत घ्यावा. ज्याला आत यावयाचे कारण नाही त्याच्याविषयी आत येण्याची चिंताही नाही. मीटरचे आकडे दुरून कळविणारे स्मार्ट मीटर आले म्हणजे हे काम आणखी सोपे होईल.

आणि हे सर्व करताना वागणूक सौजन्याची असावी. उन्हात दारोदार हिंडणाऱ्या माणसाला पाण्याचा पेला द्यावा. ओळखपत्र मागणे आणि पाणी देणे या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

७. ट्रस्टला काय करता येईल?

संस्था मोठी की लहान हे तिच्या इमारतीवरून ठरत नाही. सभासदाच्या अडचणीच्या वेळी ती किती जवळ असते यावरून ठरते. या विषयात आपल्या ट्रस्टला फारसा खर्च न करता चार कामे करता येतील.

पहिले, केलगेरी भागात नळ, वीज, गॅस यांची कामे करणाऱ्या खात्रीच्या कारागिरांची यादी करून ती दरवर्षी तपासावी. यादीत नाव घालताना त्याची पडताळणी झाली आहे की नाही हे पाहावे, आणि जात-कूळ विचारू नये. दुसरे, कामावर जाणाऱ्या आपल्या तरुणांना पोलीस पडताळणीचा अर्ज भरण्यास मदत करावी. कर्नाटकात हा अर्ज सेवा सिंधू या सरकारी संकेतस्थळावरून करता येतो. परंतु अर्जातील एक चूक महिनाभर खोळंबा करते. ज्याच्या नावे जुनी किरकोळ नोंद आहे त्याला ती दडवू नये असे सांगून, त्याच्या वतीने मालकाशी दोन शब्द बोलावेत. आजीची ती जुनी पडताळणी आज संस्थेनेच करावयाची आहे.

तिसरे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी परवलीचा शब्द ठरवावा. इंग्लंडात वीज, गॅस व पाणी पुरविणाऱ्या कंपन्या वृद्ध व अपंग ग्राहकांसाठी अशी सोय ठेवतात. ग्राहकाने सांगितलेला शब्द आलेल्या कामगारास सांगता आला तरच दार उघडते. आपल्याकडे गॅसचा सिलिंडर देताना ग्राहकाच्या फोनवर आलेला आकडा सांगावा लागतो, तोही त्याच जातीचा उपाय. गडाच्या दारावर परवल विचारली जात असे, हे तर आपल्या मुलांनाही माहीत आहे. ट्रस्टने पाठविलेल्या कारागिराला तो शब्द ठाऊक असावा, दुसऱ्या कोणाला नसावा. चौथे, वीज, पाणी व गॅस पुरविणाऱ्या कचेऱ्यांना ट्रस्टच्या वतीने लेखी विचारावे: आमच्या घरी पाठविल्या जाणाऱ्या कंत्राटी माणसांची पडताळणी कोण करतो, किती वर्षांनी पुन्हा करतो, आणि काम सोडलेल्याचे ओळखपत्र परत घेतले जाते काय? एकट्या ग्राहकाच्या पत्राला जे वजन नसते, ते शंभर कुटुंबांच्या पत्राला असते.

घराचा उंबरठा ही आपल्याकडे पूजेची जागा आहे. तो ओलांडून येणाऱ्याची ओळख विचारण्यात अपमान नाही, आणि ज्याची ओळख पटली त्याच्याकडे संशयाने पाहण्यात शहाणपण नाही. दप्तर पोलिसांनी राखावे, चाळणी कंपनीने लावावी, साखळी घराने घालावी आणि या तिघांना सांधण्याचे काम संस्थेने करावे. या महोत्सवी वर्षात वरील चार कामांपैकी एक जरी केलगेरीत उभे राहिले, तरी दुपारच्या वेळी दारावर थाप पडल्यावर आतल्या माणसाचा जीव थोडा कमी घाबरेल, आणि बाहेर उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाची मानही थोडी ताठ राहील.